अ‍ॅटिकाचा उठाव, १९७१: शेवटी कुणाच्या पदरात काय पडलं?

कोरा कागद
न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला अ‍ॅटिका नावाचं गाव आहे. तिथे १९३१ साली उघडलेला एक भक्कम तुरुंग आहे. ९ सप्टेंबर १९७१ च्या सकाळी तिथल्या कैद्यांनी तुरुंगाचा मोठा भाग ताब्यात घेतला. सुमारे २,२०० कैद्यांपैकी जवळजवळ १,३०० 'डी' आवारात जमले. सुमारे ४० पहारेकरी आणि कर्मचारी ओलीस होते. चार दिवस वाटाघाटी चालल्या, टीव्हीचे कॅमेरे आत गेले. १३ तारखेला सकाळी हेलिकॉप्टरमधून अश्रुधूर सोडला आणि राज्य पोलिसांनी भिंतींवरून, छपरांवरून गोळीबार केला. सहा-सात मिनिटांचा खेळ. पोलिसांच्या गोळ्यांनी ३९ माणसं मेली: २९ कैदी आणि १० ओलीस. सगळे दिवस धरून बळी ४३.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. गोळीबार भयंकर होताच, पण त्यापेक्षा भयंकर मला नंतरचं खोटं आणि तीस-तीस वर्षं लांबवलेला न्याय वाटतो. गोळी घाबरून सुटू शकते, खोटं बसून रचावं लागतं.

प्रश्न असा: हा उठाव फसला असं म्हणायचं का? आणि त्यातून कुणाला काय मिळालं?

खडूस काका
फसला. पुढचा धागा.

सावळी
काका, निदान चहा तरी पिऊन जा :)

कोरा कागद, उठाव का झाला ते जरा सविस्तर लिही ना. एकदम गोळीबारावर गेलास.

कोरा कागद
@सावळी, लिहितो.

आठवड्याला एक अंघोळ, महिन्याला टॉयलेट पेपरचा एक रोल. दिवसातले १४ ते १६ तास कोठडीत. कामाची मजुरी दिवसाला २० सेंटपासून फार तर एक डॉलर. पत्रं उघडून वाचायची, न आवडलेली ठेवून घ्यायची. कैद्यांपैकी निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय, बरेचसे न्यूयॉर्क शहरातले, शिवाय स्पॅनिश बोलणारे पोर्तो रिकन. पहारेकरी जवळपास सगळे गोरे, आसपासच्या खेड्यांतले, प्रशिक्षण जेमतेम. दोन्ही बाजूंनी एकमेकांची भाषा, राहणी, काही म्हणजे काही माहीत नाही.

जुलै १९७१ मध्ये पाच कैद्यांच्या गटाने तुरुंग आयुक्त रसेल ऑस्वाल्ड आणि गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांना मागण्यांचं पत्र धाडलं. भाषा अत्यंत सभ्य. उत्तर आलं, की वेळ द्या. मग २१ ऑगस्टला कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात जॉर्ज जॅक्सन हा कृष्णवर्णीय कैद्यांचा नेता आणि लेखक मारला गेला. दुसऱ्या दिवशी अ‍ॅटिकाचे शेकडो कैदी दंडाला काळ्या फिती बांधून न्याहारीला आले. कुणी घास तोंडात घातला नाही, कुणी शब्द बोललं नाही. पहारेकऱ्यांना आरडाओरड्यापेक्षा त्या शांततेचीच जास्त भीती वाटली, असं नंतर नोंदलं गेलं.

जुना शिपाई
मी तुरुंग खात्यात होतो, आता निवृत्त आहे. कुठे ते विचारू नका.

बाहेरच्यांना वाटतं तुरुंग भिंती आणि बंदुकांवर चालतो. तसं नसतं. आत शंभर कैद्यांमागे दोन-चार माणसं असतात, तीही बहुतेक वेळा नुसती काठी घेऊन. कैदी सकाळी उठून रांगेत उभे राहतात, म्हणून तुरुंग चालतो. ज्या दिवशी ते 'नाही' म्हणतील त्या दिवशी चावी कुणाच्याही कमरेला असो, काही उपयोग नाही.

आणि एक. ठिणगी नेहमी फालतू असते. ८ सप्टेंबरला तिथे काय झालं? आवारात दोन पोरं मस्ती करत होती, पहारेकऱ्याला वाटलं मारामारी. शब्दाने शब्द वाढला, संध्याकाळी दोघांना उचलून शिक्षेच्या कोठडीत नेलं. बाकीच्यांनी पाहिलं आणि धरून चालले की आता त्यांना फोडून काढणार. दुसऱ्या दिवशी न्याहारीहून परतणाऱ्या तुकडीला काही न सांगता बोगद्यात कोंडलं. अधिकाऱ्यांना वाटलं काळजी घेतली, कैद्यांना वाटलं आता आपली पाळी. संपलं.

मुक्ता
+१. त्यात तो दरवाजा. चारही बोगदे जिथे मिळतात त्या चौकाला तिथे 'टाइम्स स्क्वेअर' म्हणायचे. तिथल्या लोखंडी फाटकाच्या एका दांड्याचं जुनं वेल्डिंग सदोष होतं, वरून रंग दिलेला. कैद्यांनी जोर लावला आणि दांडा तुटला. फाटक टिकलं असतं तर एका बोगद्यातली दंगल म्हणून विसरलोही असतो.

त्याच चौकात विल्यम क्विन नावाचा पहारेकरी ड्यूटीवर होता. डोक्याला जबर मार बसून तो ११ तारखेला गेला. पुढच्या सगळ्या गोष्टीचा काटा इथे फिरतो.

अर्धवटराव
म्हणजे एका वेल्डरने इतिहास घडवला. आमच्याकडे असे वेल्डर पैशाला पासरी.

खडूस काका
आता नीट लिहितो, नाहीतर सावळीबाई रागावतील.

क्विनला कैद्यांनी मारलं. आणखी तीन कैद्यांना कैद्यांनीच मारलं, तेही आपल्याच ताब्यातल्या कोठड्यांत. १३ तारखेच्या सकाळी आठ ओलिसांना वरच्या वाटेवर उभं करून गळ्याला सुरे लावले. हे सगळं जगाच्या डोळ्यांदेखत. सरकारने काय करायचं होतं? आरती ओवाळायची? रॉकफेलर माणूस म्हणून कसाही असो, कुठल्याही गव्हर्नरने हेच केलं असतं.

मुक्ता
काका, क्विन आणि ते तीन कैदी यांची नावं कुणी झाकत नाही, झाकूही नये. पण वाटाघाटी मोडल्या कशावर ते बघा. ऑस्वाल्ड स्वतः त्या आवारात जाऊन नेत्यांशी बोलले, हे धाडसच होतं. कैद्यांच्या मागणीवरून बाहेरून निरीक्षक आले: विधिमंडळ सदस्य आर्थर ईव्ह, 'न्यूयॉर्क टाइम्स'चे टॉम विकर, वकील विल्यम कुन्स्टलर, काँग्रेस सदस्य हर्मन बाडियो. ३३ मागण्यांपैकी २८ ऑस्वाल्ड यांनी मान्य केल्या. डॉक्टर, अन्न, धर्मपालनाचं स्वातंत्र्य, पत्रांची सेन्सॉरशिप, शिक्षण, सगळं त्यात होतं. अडलं ते अभयावर. क्विन गेल्यावर अभय नसेल तर खुनाचे खटले, हे कैद्यांना कळत होतं. अभय दिलं तर राज्य संपलं, असं रॉकफेलरना वाटत होतं.

निरीक्षकांनी १२ तारखेला गव्हर्नरांना गळ घातली: आत जाऊ नका, कैद्यांना भेटू नका, नुसते अ‍ॅटिकाला या, थोडा वेळ मिळेल. ते आले नाहीत. 'कुठल्याही गव्हर्नरने हेच केलं असतं' हे इथे मला पटत नाही. यायला काही लागत नव्हतं.

खडूस काका
आले असते तर पुढची मागणी राष्ट्राध्यक्षांना बोलवा अशी असती. त्यातल्या काहींना विमानाने 'साम्राज्यवादी नसलेल्या' देशात जायचं होतं, हे आपण सोयीस्कर विसरतो.

सावळी
ती मागणी पहिल्या दिवसाची, आणि बहुतेक कैद्यांनाच ती नको होती.

मला त्या चार दिवसांबद्दल वाचायला आवडतं. पावसात, चिखलात बाराशे-तेराशे माणसं. त्यांनी प्रत्येक विभागातून प्रतिनिधी निवडले, स्वयंपाक, औषधपाणी, पहारा वाटून घेतला, तंबू उभारले. ओलिसांभोवती मुस्लिम कैद्यांनी कडं केलं, की कुणी सूड घ्यायला जाऊ नये. सुरक्षेचा प्रमुख फ्रँक स्मिथ, सगळे त्याला 'बिग ब्लॅक' म्हणत. आणि कॅमेऱ्यासमोर 'आम्ही माणसं आहोत, जनावरं नाही' असं बोलणारा एल. डी. बार्कली. वय २१. शंभर-सव्वाशे डॉलरच्या खोट्या मनीऑर्डरच्या प्रकरणात शिक्षा झालेली, पॅरोलची अट मोडली म्हणून परत आत आलेला. सुटायला फार दिवस राहिले नव्हते. १३ तारखेला तोही गेला.

रानवारा
अवांतर: आपल्याकडे तुरुंगातल्या गोळीबाराचं हिजलीचं उदाहरण आहे. १६ सप्टेंबर १९३१ ला बंगालच्या हिजली बंदीगृहात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. त्याच इमारतीत पुढे खरगपूरची आयआयटी सुरू झाली. आणि सांगलीला १९४३ च्या जुलैत वसंतदादांनी तुरुंग फोडला ते तर इथे सगळ्यांना पाठ असेल.

अर्धवटराव
सांगलीकरांना विचारा, प्रत्येकाचे आजोबा त्या दिवशी तिथे होते.

संपादक मंडळ
स्वातंत्र्यलढ्यातल्या तुरुंगांसाठी वेगळा धागा काढावा. इथे अ‍ॅटिकावर बोलू.

रानवारा
बरं. मग अमेरिकेतलंच सांगतो. १९८० च्या फेब्रुवारीत न्यू मेक्सिको राज्याच्या तुरुंगात दंगल झाली. साधारण दीड दिवसात ३३ कैदी मेले, सगळे इतर कैद्यांच्या हातून, आणि तेही ज्या क्रूरतेने ते इथे लिहवत नाही. ओलीस ठेवलेले पहारेकरी बेदम मार खाऊन का होईना, जिवंत बाहेर आले. तिथे ना नेता, ना कुणी ऐकावा असा शब्द. अ‍ॅटिकात बरोबर उलटं. ज्या राज्याला बोलायला समोर इतकी संघटित माणसं मिळाली होती, त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या. मला हाच अ‍ॅटिकाचा सर्वात कडू भाग वाटतो.

जुना शिपाई
गोळीबाराबद्दल थोडं धंद्यातलं. गर्दीत, धुरात, जिथे आपलीच माणसं कैद्यांच्या कपड्यांत डोळे बांधून बसवली आहेत, तिथे छर्ऱ्यांची बंदूक वापरायची नसते. छर्रे पसरतात, माणूस निवडत नाहीत. तिथे त्या सर्रास वापरल्या. वर तुरुंगातल्या पहारेकऱ्यांनाही बंदुका घेऊन उतरू दिलं, ज्यांचे मित्र आत ओलीस होते. कुठली बंदूक कुणाकडे याची नीट नोंद नाही. पोलिसांच्या गणवेशावर ओळखपट्ट्या नाहीत. नोंद नसणं ही नेहमी चूकच असते असं नाही, इतकंच बोलतो.

सावळी
आणि शरण आल्यावर? सगळ्यांना नागवं करून चिखलातून सरपटवलं, काचांवरून पळवलं, दोन्ही बाजूंनी काठ्या. फ्रँक स्मिथला टेबलावर उघडा झोपवून हनुवटीखाली फुटबॉल ठेवला आणि सांगितलं, हा पडला तर मेलास. तासन् तास. जखमींना डॉक्टर पुरेसे नव्हते, कारण डॉक्टरांची तयारीच केली नव्हती.

कोरा कागद
आता खोट्याकडे येतो, माझा मुद्दा तोच आहे.

गोळीबार थांबल्यावर लगेच अधिकाऱ्यांनी वार्ताहरांना सांगितलं की कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले. एका तरुण पहारेकऱ्याचं, मायकेल स्मिथचं, लिंग कापल्याचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी गळे चिरल्याची बातमी पहिल्या पानावर छापली. मायकेल स्मिथ तेव्हा इस्पितळात होता, पोटात गोळ्या लागलेला, बाकी शाबूत.

शवविच्छेदन मनरो काउंटीचे वैद्यकीय परीक्षक डॉ. जॉन एडलँड यांनी केलं. १४ तारखेला त्यांनी जाहीर केलं: तपासलेला एकही ओलीस गळा चिरून मेलेला नाही, सगळे गोळ्यांनी मेलेत. बंदुका कैद्यांकडे नव्हत्याच. म्हणजे गोळ्या कुणाच्या ते उघड होतं. राज्याने दुसरे तज्ज्ञ बोलावले, त्यांनीही तेच सांगितलं. दोघा ओलिसांच्या मानेवर वार होते हे खरं, पण ते दोघेही जगले. एडलँड यांना धमक्या आल्या, साम्यवादी ठरवलं गेलं. तो माणूस स्वतः रिपब्लिकन मतदार होता!

खडूस काका
एडलँड यांच्याबद्दल दुमत नाही. पण चौकशी झाली ना? राज्यानेच आयोग नेमला.

मुक्ता
झाली, आणि मॅके आयोगाने काम चोख केलं. १९७२ च्या अहवालात त्यांनी लिहिलं की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेली मूळ रहिवाशांची हत्याकांडं सोडली, तर यादवी युद्धानंतर अमेरिकनांत एका दिवसात झालेली ही सर्वात रक्तरंजित चकमक. सरकारी आयोगाकडून याहून कडक काय हवं?

फौजदारी बाजू मात्र बघा. ६२ कैद्यांवर आरोपपत्रं. पोलिसांपैकी फक्त एकावर, तेही बेपर्वाईने इतरांचा जीव धोक्यात घालण्याचं. फिर्यादी पक्षातलेच वकील माल्कम बेल यांनी राजीनामा देऊन लेखी कळवलं की पोलिसांविरुद्धचा तपास वरून दाबला जातोय. मग बोभाटा झाला, आणि १९७६ च्या शेवटच्या दिवशी गव्हर्नर ह्यू केरी यांनी सगळ्यावरच पडदा टाकला. कैद्यांवरचे खटले गेले, पोलिसांवरची कारवाईही गेली. रॉकफेलर तोवर उपराष्ट्राध्यक्ष होऊन बसले होते.

अर्धवटराव
'झालं गेलं गंगेला मिळालं' याचं सरकारी रूप.

रानवारा
दिवाणी दावा कैद्यांनी १९७४ मध्ये लावला होता. निकाल? २००० साली तडजोड. ८० लाख डॉलर कैद्यांना, ४० लाख वकिलांना. प्रत्येकी साडेसहा हजारांपासून सव्वा लाखापर्यंत, कुणाला किती मार बसला त्याप्रमाणे. न्यायाधीश टेलेस्का यांनी शेकडो लोकांच्या कहाण्या ऐकून घेतल्या हे चांगलं केलं. फ्रँक स्मिथला १९९७ मध्ये ज्यूरीने ४० लाख दिले होते, ते अपिलात उडाले.

आणि ओलिसांच्या बायका, काका, हे तुमच्यासाठी. नवरे गेल्यावर लगेच राज्याकडून छोटे-छोटे चेक आले. घर चालवायला बिचाऱ्यांनी वटवले. कायदा असा, की कामगार नुकसानभरपाईचा चेक वटवला की मालकावर, म्हणजे राज्यावर, दावा लावता येत नाही. हे कुणी सांगितलं नाही. लिंडा जोन्स या एकीला वकिलाने आधीच रोखलं, तिने चेक वटवला नाही, खटला लढली आणि व्याजासह दहा लाख डॉलरच्या वर मिळवले. बाकीच्यांना २००५ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा १ कोटी २० लाखांची तडजोड झाली.

खडूस काका
हे चेकचं मला माहीत नव्हतं. हा नीचपणा आहे. स्वतःच्याच नोकरांच्या विधवा. यावर माझ्याकडून कसलाही बचाव नाही.

तरी मूळ प्रश्नावर मी ठाम आहे: उठाव फसला. १९७३ मध्ये त्याच रॉकफेलरनी अमली पदार्थांचे कायदे आणले, थोड्याशा मालासाठी किमान १५ वर्षं ते जन्मठेप. बाकी राज्यांनी तोच कित्ता गिरवला. १९७१ ला अमेरिकेच्या राज्य आणि केंद्रीय तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आसपास कैदी होते, २००९ पर्यंत ते पंधरा लाखांवर गेले. अ‍ॅटिकाची दृश्यं बघून मतदार कैद्यांच्या बाजूने गेला नाही, घाबरला. हीच त्याची मिळकत.

सावळी
सगळं अ‍ॅटिकाच्या माथी कसं मारता? शहरांतली गुन्हेगारी, हेरॉइन, निवडणुकांचं राजकारण, बरंच काही होतं. आणि गळे चिरल्याची बातमी खोटी छापली नसती तर मतदार इतका घाबरला असता का, हाही प्रश्न आहेच.

मुक्ता
काही गोष्टी मिळाल्या, त्या फार चमकदार नाहीत म्हणून मोजायच्या नाहीत असं नको. कैद्यांच्या तक्रार समित्या आल्या, प्रतिनिधी निवडता येऊ लागले. जादा अंघोळी, बरं जेवण, पत्रांवरची पकड सैल. तुरुंगात कॉलेजचे वर्ग आले. मग १९९४ च्या गुन्हेगारी कायद्याने कैद्यांचं केंद्रीय शैक्षणिक अनुदान बंद केलं आणि बहुतेक वर्ग बसले. ते अनुदान परत सुरू झालं २०२३ च्या जुलैत. एक पिढी मध्ये गेली.

जुना शिपाई
पहारेकऱ्यांच्या बाजूनेही बोला कुणीतरी. अ‍ॅटिका गावात १३ सप्टेंबर म्हणजे घरोघरची पुण्यतिथी. आणि खात्याने त्यातून काय शिकवण घेतली? जास्त कुलपं, जास्त एकांत कोठड्या. २०२१ मध्ये न्यूयॉर्कने एकांत कोठडी १५ दिवसांपुरती मर्यादित करणारा कायदा केला. २०२५ च्या फेब्रुवारीत पहारेकऱ्यांनी बेकायदा संप केला, त्यांच्या रागाचं एक कारण हाच कायदा. नॅशनल गार्ड आणावं लागलं, दोन हजारांवर लोक नोकरीवरून गेले. मला दोन्हीकडचं कळतं. माणसं कमी, ड्यूटी दुहेरी, वर नवे नियम. पण माणूस एकांतात महिनोन् महिने ठेवला की तो बाहेर येऊन तुमच्यावरच धावतो, हेही मी पाहिलंय.

अर्धवटराव
शिपाईकाका, तुम्ही वेगळा धागा काढाच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कोरा कागद
चर्चा छान झाली. खडूस काकांनी पहिल्या ओळीत जे म्हटलं, त्यावर माझं उत्तर.

२८ मागण्या पुढे तुकड्या-तुकड्याने का होईना बऱ्याच मान्य झाल्या, मग ती माणसं मेली कशासाठी? अभयासाठी. आणि अभय शेवटी सगळ्यांना मिळालंच की, १९७६ ला, केरींच्या सहीने. फक्त त्यात गोळ्या घालणारेही आले. जे १२ सप्टेंबर १९७१ ला अशक्य होतं ते पाच वर्षांनी एका सहीत झालं. त्यामुळे फसलं कोण, या प्रश्नात मला आधी वाटाघाटीच्या टेबलाची राज्याची बाजू दिसते.

खडूस काका
हा मुद्दा चांगला आहे. पण १९७१ ला क्विनचं प्रेत ताजं होतं, १९७६ ला नव्हतं. राजकारणात हा फरक छोटा नसतो.

रानवारा
ओलिसांच्या कुटुंबांच्या पाच मागण्या होत्या: भरपाई, समुपदेशन, दरवर्षी तुरुंगाच्या आवारात स्मरणविधी, कागदपत्रं खुली करणं आणि राज्याची माफी. २००५ ला पैसे मिळाले. माफी तेव्हाही नाही.

सावळी
आणि कागदपत्रं?

रानवारा
तपास कसा दाबला गेला याच्या चौकशीचा अहवाल न्यायाधीश बर्नार्ड मेयर यांनी १९७५ मध्ये दिला. तीन खंड. पहिला तेव्हाच जाहीर केला, उरलेले दोन न्यायालयाने बंद केले. ४० वर्षांनी, मे २०१५ मध्ये, त्यातली ४६ पानं बाहेर आली, तीही जागोजागी काळी केलेली.